समक्ष न पाहिलेली पिवळी

वजनमापे खात्यातले निरीक्षक बाजारभर एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. समक्ष पाहिल्याशिवाय ते कशावरही शिक्का मारत नसत. दुकानदार अजिजीने म्हणे, "साहेब, काटा कालच दुरुस्त करून आणलाय," की निरीक्षक म्हणत, "आणला असेल. बघू." मग पिशवीतून पितळी वजनं निघत, पारडी वर-खाली होत, आणि ज्याचा काटा खरोखरच दुरुस्त झालेला असे तो माणूसही घामाघूम होई. घरीही हीच तऱ्हा. दूध उतू गेलं असं बायकोने सांगितलं, तर ते आधी ओटा बघून येत आणि मग हळहळत. असा माणूस वाईट नसतो. त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना मात्र प्रत्येक गोष्ट दोनदा दाखवावी लागते. बायकोने हे संसाराच्या सुरुवातीलाच पत्करलं होतं.

अशा माणसाने घरात मासा आणावा, आणि तो मासा घरातल्यांना, शेजाऱ्यांना, सिलिंडर घेऊन येणाऱ्याला दिसावा आणि फक्त त्यालाच दिसू नये, याला नशिबाची थट्टा म्हणायचं. पण सगळं पहिल्यापासून सांगितलं पाहिजे, नाहीतर उगाच त्या माशाला बोल लागेल.

खरा बोल लावायचा तर अण्णांच्या दाढेला. अण्णा म्हणजे निरीक्षकांचे वडील. आई गेल्यावर ते थोरल्या मुलाकडे राहिले आणि मग बदल म्हणून धाकट्याकडे आले. थोरला दुसऱ्या शहरात, ऐसपैस घरात राहत असे. घरापुढे बाग, बागेत बसायला बाक. दर आठवड्याला त्याचा फोन येई आणि प्रश्न ठरलेला असे, "काय रे, अण्णा रमले का? नसतील रमले तर तसं सांग. मी गाडी घेऊन येतो आणि कायमचे घेऊन जातो." थोरला मायाळूच होता, त्यात काही खोट नव्हती. पण निरीक्षकांना अण्णा स्वतःकडे हवे होते. लहानपणी अण्णा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला असत. पोरं शाळेला निघत तेव्हा ते झोपलेले, आणि पोरं झोपायला लागत तेव्हा ते कामावर निघालेले. वडील म्हटलं की निरीक्षकांना अजूनही आधी पांघरूण आठवे. आता इतक्या वर्षांनी माणूस एका छपराखाली हाती लागला होता आणि तोही परत जाईल की काय, या धास्तीने ते थोरल्याचा फोन वाजला की दचकत.

पंचाईत अशी की निरीक्षक उजाडता उजाडता घर सोडत. त्यांचे बाजार लांब लांबचे. परत येईपर्यंत अण्णा जेवून आपल्या खोलीत आडवे झालेले असत. मग निरीक्षक बूट हातात घेऊन चवड्यांवर चालत, ताट वाजू न देता जेवत, आणि दाराच्या फटीतून पांघरूण पाहून येत. सुट्टीच्या दिवशी बापलेक समोरासमोर बसत, वर्तमानपत्राची पानं वाटून घेत आणि एकमेकांना "चहा झाला का?" एवढंच विचारत. तेवढ्यावर कुणी रमला की नाही हे ठरवता येत नाही. "झोपलेले आहेत," एवढाच अहवाल ते थोरल्याला प्रामाणिकपणे देऊ शकत.

"झोपलेले काय? मग त्यांच्याशी बोलतं कोण?" थोरला एकदा म्हणाला. "तू घरी असतोस कुठे?"

हे निरीक्षकांना फार लागलं, कारण ते खरं होतं.

तर अण्णांची दाढ. ती ठणकू लागली म्हणून एका सुट्टीला निरीक्षक त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. आत दगड, दगडांवर फुलांसारखी हलणारी प्रवाळं, आणि त्यांच्यामधून ये-जा करणारे रंगीत मासे. अण्णा तिच्यापुढे खुर्ची ओढून बसले. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाले, "आधी त्या बाईंना घ्या. मला घाई नाही." दाढ ठणकत असताना घाई नसलेला माणूस डॉक्टरनेही कधी पाहिला नसेल. निरीक्षकांनी मात्र तो समक्ष पाहिला आणि त्यांचं ठरलं. अण्णांसाठी घरात अशी टाकी आणायची.

मासेवाल्याचं दुकान एका बोळाच्या टोकाला होतं. दुकानदार मासे विकतो आहे की स्थळं दाखवतो आहे, हे कळायला वेळ लागे. "हा दिसायला देखणा आहे, पण भांडकुदळ," तो एका टाकीकडे बोट दाखवून म्हणाला. "ही चांगली, पण खाण्याचे लाड फार. तुमच्यासारख्या घराला मी रॅस जातीतली छोटी पिवळी सुचवीन. बोटाएवढी. लिंबासारखा रंग. स्वभावाने गरीब, लवकर उठणारी, लवकर झोपणारी, घरात राहणारी. एकच खोड, कधीमधी उडी मारते. वरती जाळीचं झाकण घट्ट बसवा."

"बघू," निरीक्षक म्हणाले.

"इथे नाहीये. मुलगी परगावची आहे. तुमचं पाणी तयार झालं की मागवतो आणि थेट घरी आणून सोडतो. उगाच चार ठिकाणी हलवलं की धसका घेतात." मग त्याने फोनवर फोटो दाखवला. "आत्ता मुलगी आहे. पुढे मोठी झाल्यावर मुलगा होऊ शकतो. यांच्यात तशी पद्धत आहे."

हे शेवटचं वाक्य पचवण्याच्या नादात निरीक्षकांच्या हातून आयुष्यातली पहिली चूक झाली. माल समक्ष न पाहता त्यांनी होकार दिला.

पहिला खो सेक्रेटरीने घातला. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचे. ते सकाळी फाटकाशी उभे होते आणि नेमक्या त्याच वेळी टेम्पोतून दगडांची खोकी आणि वाळूच्या गोण्या उतरल्या.

"साहेब, हे काय?"

"टाकीत घालायचे दगड. जिवंत दगड म्हणतात यांना. आत बारीक जीव असतात, ते पाणी साफ ठेवतात."

सेक्रेटरींनी बराच वेळ विचार केला. "जिवंत असतील तर ते पाळीव प्राण्यांत जातात. दगड असतील तर बांधकाम साहित्यात. वाळू तर उघड उघड बांधकाम. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. प्राण्याला लिफ्ट चालते, बांधकामाला चालत नाही. प्राण्याला कमिटीची परवानगी लागते, बांधकामाला लागते ती आधी लागते."

निरीक्षक स्वतः सरकारी माणूस. दुसऱ्याने नियम दाखवला की त्यांना राग येण्याऐवजी आदरच वाटे. शेवटी असं ठरलं की दगड प्राणी म्हणून लिफ्टने जातील आणि वाळू बांधकाम म्हणून जिन्याने. चौथ्या मजल्यापर्यंत गोण्या चढवताना निरीक्षकांची पाठ धरली. वर पोहोचल्यावर अण्णांनी खोलीच्या दारातून डोकावून विचारलं, "घर बांधायला काढलंस?" आणि पुन्हा आत गेले. एवढं लांब वाक्य अण्णांनी बऱ्याच दिवसांत उच्चारलं नव्हतं, त्यामुळे निरीक्षकांना हुरूप आला.

मग पाणी. खारं पाणी म्हणजे मीठ टाकून ढवळलं असं नव्हे. त्याचं प्रमाण असतं, आणि प्रमाण म्हटल्यावर निरीक्षकांच्या अंगात संचारलं. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा तपासला, त्यात फरक सापडला, आणि तो वापरण्यास अयोग्य ठरवून त्यांनी कपाटावर टाकला. "याच काट्यावर मी वीस वर्षं स्वयंपाक केलाय," बायको म्हणाली. "त्याचं मी काही म्हणत नाही," निरीक्षक म्हणाले, आणि हे बोलायला नको होतं असं त्यांना पुढे जेवायच्या वेळी कळलं. मीठ त्यांनी खात्याच्या वजनांवर तोललं, पाणी मापाने भरलं, पंप लावला, दोन भांड्यांमध्ये नळी जोडली आणि नळीला कोपऱ्यात चिमटा लावायचं विसरले. नळी निसटली. सोफ्याखालून गेलेलं पाणी कुणाच्या लक्षात यायच्या आत खाली पोहोचलं होतं.

खालच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई राहत. त्या वर आल्या त्या एक बोट पुढे धरूनच. "छतातून गळतंय. पाइप फुटला म्हणून मी प्लंबरला बोलावणार होते," त्या म्हणाल्या. "पण चव घेऊन पाहिली. खारट आहे. नळाला खारं पाणी येत नाही. तेव्हा कुठेतरी काहीतरी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं."

निरीक्षकांनी माफी मागितली, छत रंगवून द्यायचं कबूल केलं आणि बाई निघताना, राहवलं नाही म्हणून, खारटपणा साधारण किती वाटला तेही विचारलं. "जरा कमी होता," बाई म्हणाल्या. निरीक्षकांनी मोजून पाहिलं, तर खरंच जरा कमी होता. तेव्हापासून बाईंचा या प्रकरणातला रस वाढला तो वाढलाच.

पाणी भरलं तरी मासा लगेच सोडता येईना. "पाणी पिकू द्या, दगडांतले जीव आधी वाढू द्या," मासेवाला म्हणाला. त्यामुळे कित्येक आठवडे दिवाणखान्यात दिवे लावलेली, पंप घुरघुरणारी, नुसते दगड असलेली टाकी होती. लोक बघायला येत, बसत, चहा घेत आणि दगडांकडे पाहत. सेक्रेटरींनी तर एका दगडाला "हा जरा सुस्त वाटतो" असंही म्हणून घेतलं. थोरल्याचा फोन आला तेव्हा बायकोने उत्साहाने सांगितलं, "भाऊजी, अण्णा तासन् तास टाकीपुढे बसतात."

"मासे आणले?"

"अजून नाही. दगड आहेत."

 मग थोरला म्हणाला, "अण्णा दगड बघत बसतात? फोन त्याला दे."

शेवटी पिवळीचा दिवस ठरला, आणि नेमकी त्याच आठवड्यात खात्याची काटे-पडताळणीची मोहीम निघाली. सगळ्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या रद्द. निरीक्षक पहाटे गेले, दुपारी मासेवाला आला, पिशवीतून पिवळी पाण्यात सोडून गेला, आणि संध्याकाळी निरीक्षक धावतपळत घरी पोहोचले तेव्हा टाकीत दगड होते. वाळू होती. पाणी होतं.

"कुठाय?"

"झोपली," बायको म्हणाली. "डोक्याने वाळूत भोक पाडलं आणि आत शिरली. अहो, बघता बघता नाहीशी. त्यांची झोपायची तीच तऱ्हा असते म्हणे. दिवा मालवायची वेळ आली की आधीच जाऊन निजते."

"आणि अण्णा?"

"तेही झोपले."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवे आपोआप लावणारं-मालवणारं घड्याळ मासेवाल्याने लावून दिलं होतं आणि निरीक्षक त्याच्या नंतर उगवत. हळूहळू असं झालं की पिवळीची खबर त्यांना इतरांकडून समजू लागली. जिन्यात बाई भेटत आणि म्हणत, "आज काय सुरेख दिसत होती." सेक्रेटरी म्हणत, "तुमच्या पिवळीने आज कोळंबीचा तुकडा माझ्यासमोर खाल्ला." कोळंबी सेक्रेटरींनी स्वतः कापून नेली होती म्हणे. सिलिंडरवाला म्हणाला, "साहेब, मासा मस्त आहे." निरीक्षक सगळ्यांना मान डोलावून "हो ना" म्हणत, आणि त्यांना मनातून फार ओशाळं वाटे. टाकी त्यांची, पाणी त्यांचं, पाठ त्यांची धरलेली, आणि गावभर सगळे साक्षीदार.

त्याहून विश्वास बसू नये अशी दुसरी खबर होती. "अण्णा दिवसभर बोलतात," बायकोने एक दिवस जेवायला वाढताना सांगितलं. "तिच्याशीच. छापखान्यातल्या गोष्टी सांगतात. मी आणि बाई मागे बसून ऐकतो. काल तर सेक्रेटरींना हसून हसून ठसका लागला."

निरीक्षकांनी घास खाली ठेवला. अण्णा बोलतात, आणि सेक्रेटरी हसतात. दोन्ही विधानं एकाच दमात खरी असणं त्यांच्या अनुभवाबाहेरचं होतं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मासा पहिल्याच दिवशी मेला असावा, अण्णा तसेच गप्प असावेत, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सगळी इमारत मिळून हे नाटक करत असावी. बायकोचा स्वभाव त्यांना माहीत होता. ती दयेपोटी काहीही करू शकली असती. त्यांनी फूटपट्टी घेऊन वाळू उकरून पाहायचं ठरवलं, पण बायकोने फूटपट्टी काढून घेतली आणि म्हणाली, "झोपलेल्या जिवाला असं उठवतात का?"

त्याच आठवड्यात थोरल्याचा फोन आला. "अण्णा रमले का?"

"ही म्हणते रमलेत."

"बरं झालं. मग राहू देत तुझ्याकडे."

इथे दुसऱ्या कुणीही "हो" म्हणून फोन ठेवला असता. निरीक्षक म्हणाले, "पण मी समक्ष पाहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकीव माहिती आहे. तिच्यावर मी सही कशी करू?"

"अरे, सही कोण मागतंय? रमलेत की नाहीत?"

"पडताळणी चालू आहे," निरीक्षक म्हणाले.

थोरल्याने याचा अर्थ कुठलाही शहाणा माणूस लावील तसाच लावला. "कळलं मला. तुझ्याने खोटं बोलवत नाही. या महिन्याअखेर मी गाडी घेऊन येतो." बायकोने हे ऐकलं आणि त्या संध्याकाळी ती निरीक्षकांशी एक शब्दही बोलली नाही.

आता पिवळी पाहण्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. पिवळी खरी निघाली तर अण्णांचं बोलणंही खरं, आणि मग थोरल्याला छातीठोकपणे सांगता येईल, असा निरीक्षकांचा हिशेब. त्यांनी साहेबांपुढे जाऊन एक दिवसाची रजा मागितली.

"मोहिमेत रजा? कारण काय?"

"घरगुती."

"घरगुती म्हणजे काय?"

निरीक्षकांना खोटं कारण सुचलं नाही. "घरी एक मासा आहे. तो पाहायचा आहे. सगळ्यांना दिसतो, मला दिसत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "किती दिवस झाले असं वाटायला लागून?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आजारपणाची रजा मंजूर केली. वर शिपायाला सांगून खुर्चीही आणवली.

रजेच्या दिवशी निरीक्षक दिवा लागायच्या आधीपासून टाकीपुढे बसले. चष्मा पुसलेला, नाक काचेपासून वीतभर. दिवा लागला. पाणी चमकलं. निरीक्षकांनी पापणी लवू दिली नाही. बाजारातल्या लबाड काट्याकडे ते असेच बघत, आणि काटा कधी ना कधी शरण येई. वाळू हलली नाही. थोड्या वेळाने अण्णा चहाचा कप घेऊन आले, आपल्या खुर्चीत मुलगा बसलेला पाहिला, म्हणाले, "बस, बस," आणि खाली आवारातल्या बाकावर जाऊन बसले. सेक्रेटरी वाटीत कोळंबी घेऊन दारात आले आणि "अरे, आज तुम्ही? नंतर येतो" म्हणून वळले. बाईंनीही दारातूनच विचारलं, "अण्णा नाहीत का? मग राहू द्या." दुपारपर्यंत घरात चिटपाखरू उरलं नाही.

निरीक्षक एकटे बसून राहिले. आपण नसताना आपल्या घरात इतकी वर्दळ असते, आणि आपण आलो की ती थांबते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना रडू आलं असतं, पण काचेपुढे बसलेला माणूस रडला तर मासा आणखी बुजेल, या विचाराने त्यांनी आवरलं.

"तुम्ही रोखून बघता," मासेवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला. "मुलगी बघायला गेल्यावर असं रोखून बघतात का? आणि वेळेचं म्हणाल तर ती दिव्यावर चालते. दिवा रोज थोडा थोडा उशिरा लावा, थोडा थोडा उशिरा मालवा. सकाळी पडदे ओढून ठेवा, म्हणजे तिला रात्र वाटेल. तिचा दिवस सरकेल तुमच्या वेळेला."

हा उपाय निरीक्षकांना मनापासून आवडला, कारण यात मोजायला काहीतरी होतं. दिव्याचं घड्याळ रोज जरासं पुढे जाऊ लागलं. खिडक्यांना जाड पडदे लागले. सकाळी दिवाणखान्यात इतका अंधार असे की बायको वर्तमानपत्र बॅटरीने वाचू लागली आणि दोनदा स्टुलाला अडखळली. चौथ्या मजल्यावरचे पडदे उघडतच नाहीत हे खालून दिसायला लागल्यावर इमारतीत कुजबुज झाली, आणि बाजूच्या इमारतीतला एक अनोळखी गृहस्थ पांढरी फुलं घेऊन भेटायला आला. "कोण गेलं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं. बायकोने त्याला चहा दिला आणि फुलं फुलदाणीत ठेवली. कुणी गेलं नाही म्हटल्यावर त्याची जरा निराशाच झाली.

पिवळीचा दिवस मात्र खरंच सरकला, आणि त्याच्या मागोमाग, कुणी काही न सांगता, अण्णांचाही. "ती उठत नाही तोवर मी उठून काय करू?" म्हणत ते उशिरा उठू लागले, उशिरा जेवू लागले. आता निरीक्षक घरी येत तेव्हा टाकीचा दिवा चालू असे. कुलपात किल्ली फिरे, बुटांसकट ते काचेकडे धावत, आणि पोहोचेपर्यंत एका कोपऱ्यात वाळूचा धूर खाली बसत असे. अण्णांची खुर्ची रिकामी असे, चष्मा खुर्चीच्याच हातावर राहिलेला. पंखा फिरत असे. दोघंही नुकते उठून गेलेले.

महिनाअखेर आली. त्या संध्याकाळी निरीक्षक परतले तर आवारात थोरल्याची गाडी उभी होती, आणि तीही सेक्रेटरींच्या जागेवर. सेक्रेटरींनी निरीक्षकांना फाटकातच गाठलं. पण गाडीबद्दल बोलायचं सोडून ते म्हणाले, "अण्णांना नेताहेत म्हणे." त्यांचा चेहरा उतरला होता. "नियमात तसं काही बसत नाही, पण कमिटीची हरकत आहे असं समजा."

निरीक्षक वर आले. थोरला सोफ्यावर ऐसपैस बसला होता, हातात चहा. "अरे, काय सुंदर मासा आहे," तो म्हणाला. "पिवळी धमक. मी बसलो आणि समोर येऊन उभी राहिली. आत्ता इतक्यात गेली बघ वाळूत."

निरीक्षकांनी कपाळाला हात लावला. खोलीच्या दाराशी अण्णांची बॅग भरून ठेवलेली होती. बायको तिच्याकडे न पाहता टेबल पुसत होती, आधीच पुसलेलं. किल्लीच्या आवाजाने खुर्चीतून उठलेले अण्णा खोलीकडे निघाले होते.

"अण्णा, थांबा जरा," थोरला म्हणाला. "उद्या सकाळी निघायचं ना?"

अण्णा थांबले. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "याला विचार. घर याचं आहे. हा म्हणेल तसं."

"मग सांग बाबा," थोरला धाकट्याकडे वळला. "एकदा शेवटचं. रमलेत का ते?"

"मी समक्ष..." निरीक्षक म्हणाले आणि अडखळले.

"तो काय सांगणार?" अण्णा म्हणाले. "तो आला की मी आत जातो. त्याने मला पाहिलंय कधी?"

"पण तुम्ही आत का जाता, अण्णा?" बायकोने टेबल पुसणं थांबवून विचारलं.

"दमून येतो गं तो. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून येतो. आल्या आल्या त्याच्यापुढे म्हाताऱ्याचं पुराण कशाला? आत आडवा होतो. झोप कुठे येते इतक्या लवकर. पडून ऐकतो. ताट वाजू नये म्हणून किती जपून जेवतो, तेही ऐकू येतं. मग दाराशी येऊन उभा राहतो. तो गेला की मला झोप लागते." ते जरा थांबले. "दिवसभर त्या मासळीला जे सांगतो ना, ते यालाच सांगायचं असतं. ती हाताशी आहे म्हणून तिला सांगतो."

"म्हणजे तुम्ही जागे असता?" निरीक्षकांनी विचारलं.

"असतो."

"रोज?"

"रोज."

निरीक्षकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांचे बूट सवयीने हातात आले होते. ते त्यांनी खाली ठेवले, जरा आवाज करूनच. मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "दादा, अण्णा इथे रमलेत. ते इथेच राहतील."

"तू पाहिलंस?"

"नाही पाहिलं," निरीक्षक म्हणाले. "तरी सांगतो."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. हा माणूस न पाहता काहीतरी सांगतो आहे, हे त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. "मग गाडी मी एवढ्या लांब आणली कशाला?" तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात राग नव्हता. बायकोने कुणाला काही न विचारता बॅग उचलली आणि आत नेऊन कपडे कपाटात लावायला घेतले. जेवताना सगळ्यांची ताटं मनसोक्त वाजली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरीक्षकांनी किल्ली फिरवली, आत आले, आणि काचेकडे धावायच्या ऐवजी स्टूल ओढून अण्णांच्या समोर बसले. अण्णा उठायला लागले, तर ते म्हणाले, "बसा. दिवसभर तिला काय सांगितलं ते मला सांगा." बायकोने चहा आणला. अण्णांनी आधी आढेवेढे घेतले, मग घसा साफ केला, मग सुरू झाले. छापखान्यात एकदा पहाटे शिशाच्या अक्षरांनी जुळवलेलं आख्खं पान कुणाच्या तरी हातून जिन्यावर निसटलं होतं आणि सगळी अक्षरं पायऱ्यापायऱ्यांवर विखुरली होती. वर्तमानपत्रं नेणारी गाडी सुटायला थोडा वेळ उरला होता आणि मालक खालून हाका मारत होता.

इथे अण्णा मध्येच थांबले. त्यांची नजर निरीक्षकांच्या खांद्यावरून मागे गेली होती. बायकोही दारात चहाचा कप तसाच धरून उभी राहिली.

"मागे बघ," अण्णा हळूच म्हणाले. "आली आहे. अगदी काचेपाशी."

"बघतो," निरीक्षक म्हणाले आणि स्टूल अण्णांच्या आणखी जवळ सरकवलं. "आधी ती अक्षरं कुणी गोळा केली, ते सांगा."